स्नॉर्कलिंगच्या मास्कचा नंबर

“एफची मधली काडी वाकडी दिसतेय,” जगताप सर म्हणाले. नारायण पेठेतल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलून नंबर तपासायची चौकट, घालून ते तक्ता वाचत होते. मी ऑप्टोमेट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथे इंटर्नशिप करते. सर कोथरूडचे, शाळेतून रिटायर झालेले. शनिवारी मुलीबरोबर मालवणला स्नॉर्कलिंगला जायचं होतं, म्हणजे मास्क लावून पाण्यावर तरंगत खालचे मासे बघायचे. नंबर मोठा. त्यात डावा डोळा लहानपणापासून अधू. “उजव्यावरच सगळा संसार आहे,” ते हसत म्हणाले.

पर्याय मी आदल्या दिवशीच वाचून ठेवले होते. मास्कच्या आत चष्मा चालत नाही. काड्यांमुळे फट राहते, पाणी शिरतं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरलं तर इन्फेक्शनची भीती, शिवाय सरांना सवय नाही. मास्कला आतून नंबरच्या काचा चिकटवून मिळतात, पण तेवढे दिवस हातात नव्हते. राहिला रेडीमेड नंबरचा मास्क. त्यात साधा मायनस नंबर मिळतो, सिलिंडर मिळत नाही. सिलिंडर म्हणजे उभ्या-आडव्या रेषा सारख्याच स्पष्ट दिसाव्यात म्हणून दिलेला जादा नंबर.

मास्कमधून कसं दिसेल ते कळावं म्हणून मी ट्रायल फ्रेममधून सिलिंडर काढला होता. त्यामुळे काडी वाकडी दिसणं हा मला त्याचाच परिणाम वाटला. थोडं तसं दिसणारच, असं मी सरांना सांगितलं.

“वा, अभ्यास चांगला आहे तुझा,” सर म्हणाले.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शिक्षकांनी शाबासकी दिल्यावर ‘पुन्हा तपासू या’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. खरं तर सिलिंडर परत घालून बघायला एक मिनिट लागलं असतं. सिलिंडर नसला की अक्षर पुसट होतं. असं एकाच जागी वाकत नाही. पण मी मास्कची ऑर्डर लिहून टाकली.

दहा दिवसांनी सर मास्क घेऊन आले. त्यांना मास्कच खराब वाटत होता. मासे कडेकडेला दिसले, म्हणाले; जिकडे बघावं तिथे मध्ये डाग.

दुकानाच्या मालकीण लेले मॅडम स्वतः उठल्या. त्यांनी सिलिंडर घातला. काडी वाकडीच. मग पिनहोल लावलं. ही बारीक भोकाची काळी चकती. तिच्यातून सुधारलं तर दोष बहुधा नंबरचा, नाही सुधारलं तर डोळ्याच्या आत शोधायचं. सुधारलं नाही. मॅडमनी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. सर गेल्यावर मला एवढंच म्हणाल्या, “पिनहोल काय शोकेससाठी आणलंय?”

उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी रक्तस्राव होता. मोठ्या मायनस नंबरवाल्यांना तो होऊ शकतो, हे मी परीक्षेत लिहिलंही होतं. इंजेक्शनं सुरू झाली. आजार थांबला, पण पुस्तक वाचण्याइतकी नजर परत आली नाही. आधी आले असते तर बरीच नजर टिकली असती, असं डॉक्टरांनी सांगितलं.

हे सांगायला सर मुलीचा हात धरून दुकानात आले. मी माफी मागितली.

“डॉक्टरांना दाखवा असं तू सांगितलं असतंस तरी मी कदाचित मालवणलाच गेलो असतो,” ते म्हणाले. “पण सांगायचं होतंस, बाळ.”

आता रेष वाकडी दिसते असं कोणी म्हणालं, की मी ऑर्डर लिहीत नाही. डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिते. काही जण चिडून दुसऱ्या दुकानात जातात. मी चिठ्ठी त्यांच्या हातात देतेच.