पत्रिकावाल्या दैवशालाबाईंचा कॉम्प्युटर

आष्टीत कुणाकडं लग्न ठरलं की आचारी आणि बँडवाल्याच्या आधी माणसं दैवशालाबाईंच्या ओट्यावर येऊन बसत. पत्रिका त्यांच्याकडूनच. कोणत्या आत्याचं नाव राहिलं तर ती मांडवात रुसून बसेल, हे बाई स्वतःच खोदून खोदून विचारून घेत. मग समोरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून परतूरला छपाईला पाठवत.

अलीकडं मात्र तो कॉम्प्युटर रडकुंडीला आणू लागला होता. चालू करून चहा टाकावा, पिऊन कप विसळावेत, तरी पडद्यावर गोल चक्कर फिरतच. त्यात नवं विंडोज यावर चालणार नाही, असा निरोप रोज झळकू लागला.

दिवाळीला पुण्याहून लेक अर्पिता आली ती नवा लॅपटॉप घेऊनच. बाईंनी दोन दिवस मन लावून करून पाहिलं. पण त्यांचं पत्रिकेचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर उघडेचना. साठवलेल्या पत्रिका दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिल्या तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसते चौकोन.

"नवीन शीक ना आई," अर्पिता म्हणाली. "सगळे शिकतात."

बाईंनी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी बाजारातून परतल्या तर ओट्यावर भंगारवाला, आणि त्याच्या ताणकाट्याला त्यांच्या कॉम्प्युटरचा कॅबिनेट लटकलेला.

"ठेव खाली!" बाईंचा आवाज गल्लीभर गेला. भंगारवाल्यानं घाबरून ठेवला.

"अगं, तूच म्हणत होतीस ना वैताग आलाय म्हणून?" अर्पिता आतून म्हणाली.

"वैताग तर मला तुझ्या पप्पाचाबी येतो. त्यांला काढलं का भंगारात?"

दारात पेपर वाचत बसलेल्या सोमेश्वररावांनी पेपर आणखी वर धरला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कॅबिनेट जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीनं जालना गाठलं. दुकानदार राधेश्यामनं तो नुसता बघितला आणि मान हलवली.

"काकू, यात काही दम नाही राहिला. द्या, नव्यात थोडे कमी करतो."

"मी विकायला न्हाई आल्ते. ह्यात काय काय बदलता येतं तेवढं सांगा."

"जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क टाकता येईल, रॅम वाढवता येईल. पण खर्च करूनही नवं विंडोज बसणार नाही, आणि जुन्यावर नेट वापरणं धोक्याचं."

"नसू द्या. पत्रिकेला नेट कशाला लागतं? वायरच काढून ठेवते. फाइल पेनड्राइव्हवर जाईल."

"मग ठेवून जा, चार दिवसांनी या."

"न्हाई. माझ्यासमोर उघडा. बसते मी."

झाकण निघालं तर आत धुळीची गोधडीच. राधेश्यामनं ती उडवली, रॅमची नवी पट्टी जुनीच्या शेजारी बसवली आणि बटण दाबलं. पडदा काळाच, आतून नुसती टुंईटुंई.

"बघा, सांगत होतो ना? पट्टी बसवायची एक खाच मेली."

बाईंनी वाकून आत पाहिलं. पोरगी बरोबर बोलली होती की काय? पण त्या उठल्या नाहीत.

"दुसरी जित्ती हाय ना? मंग तिच्यात मोठी पट्टी लावा."

राधेश्याम पुटपुटत आत गेला आणि मोठी पट्टी घेऊन आला. या वेळी पडदा उजळला. मग जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला घेतलं. बाईंनी तिथंच बाकावर भाकरीचं फडकं सोडून दोन घास खाल्ले, पाणी प्यायल्या, पुन्हा बसल्या. काम संपल्यावर चालू केलं, तर चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत त्यांचं सॉफ्टवेअर उघडून तयार.

"मदरबोर्ड गेला तर मात्र माझ्याकडं येऊ नका," राधेश्याम म्हणाला.

"तुमच्याकडंच येणार."

घरी आल्यावर बाईंनी सगळ्या वायरी जोडल्या आणि एक पत्रिका उघडून दाखवली. अक्षर न् अक्षर जागच्या जागी. अर्पितानं ती शेवटपर्यंत वाचली.

"आणखी किती ओढशील याला?"

"चालंल तितकं. बिघडलं की बघू काय बिघडलं ते. लॅपटॉप तू हौसेनं आणला, त्याचा राग न्हाई मला. लागला तर मी सोता मागीन. पण माझी वस्तू मला न विचारता पुन्हा दाराबाहेर काढलीस, तर तुझ्या लग्नाची पत्रिका जालन्यातून करून आण."

अर्पिताला हसू आलं, ते तिनं दाबलं. पुण्याला निघताना लॅपटॉप तिनं गुपचूप आपल्या बॅगेत भरला. बाईंनी पाहिलं, आणि बॅगेची चेन लागत नव्हती ती ओढून दिली.