एका पानावर दोन रेघा

आमच्या विद्यापीठात एक प्राध्यापक नेमायचा झाला तर कुलगुरू लागतात, कुलसचिव लागतात, बाहेरगावचे तज्ज्ञ लागतात. पण या सगळ्या मोठ्या मंडळींच्या आधी एक खिडकी लागते. तळमजल्यावर, जिन्याला लागून. तिथे अर्ज घेतात. त्या खिडकीमागे सव्वीस वर्षं आमच्या बाई बसल्या आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर चौदा वर्षं मी.

बाई भरती विभागाच्या अधीक्षक. सगळं विद्यापीठ त्यांना पाठीमागे ‘रेघबाई’ म्हणायचं. पुढ्यात म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्याचं कारण असं, की अर्जाच्या शेवटच्या तारखेला बरोबर पाच वाजता बाई आवक रजिस्टर पुढे ओढायच्या, शेवटच्या नोंदीखाली पट्टी ठेवायच्या आणि लाल पेनानं एक रेघ मारायच्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खिडकीची फळी खाली. रेघेच्या वरचा उमेदवार, खालचा नाही. एकदा एका बड्या असामीचे मेहुणे पाच वाजून एक मिनिटानं आले आणि आल्या पावली परत गेले. जाताना ते बरंच काही बोलले. बाईंनी त्यांना पुढच्या जाहिरातीची अंदाजे तारीख सांगितली.

“भीड ही भिकेची बहीण, भाऊसाहेब,” त्या मला म्हणायच्या. “आज एकासाठी फळी वर केली, की उद्या ती बसवायचीच कशाला?”

आता ‘बरोबर पाच’ म्हणजे कुणाचे पाच? हा वाद नको म्हणून बाईंनीच खिडकीवर पाटी लावली होती : कार्यालयातील घड्याळ प्रमाण मानले जाईल. ते घड्याळ माझ्या कपाटाच्या वर टांगलेलं होतं. दर सोमवारी सकाळी बाई ते स्वतः लावायच्या. आणि दर सोमवारी कपाळाला आठ्या घालून म्हणायच्या, “हे आठवड्यात पुढे कसं पळतं हो?” तीनदा त्यांनी ते दुरुस्तीला पाठवलं. तिन्ही वेळा घड्याळजीनं निरोप धाडला, घड्याळ ठणठणीत आहे.

ठणठणीतच होतं. पुढे पळवत होतो मी.

माझी बस पाच वाजून पाच मिनिटांनी ग्रंथालयामागून सुटायची. पाचला हजेरीवर सही करून धावलो तरी तिचा मागचा दिवा तेवढा दिसायचा, आणि पुढची बस पाऊण तासानं. म्हणून मंगळवारपासून रोज, बाई जेवायला शेजारच्या विभागात गेल्या, की मी स्टुलावर चढायचो आणि काटा दोन मिनिटं पुढे सारायचो. कुणी पाहिलंच तर हातात फडकं असे. बाईंनी एकदा मला फडक्यासकट पाहिलं आणि माझ्या वार्षिक अहवालात लिहिलं, ‘स्वच्छतेची आवड आहे.’ चौदा वर्षांत माझ्याबद्दल लिहिलेलं तेवढंच एक चांगलं वाक्य, आणि तेही खोट्यावर उभं.

त्या वर्षी भूगर्भशास्त्र विभागात एक जागा निघाली. एकच. तो विभाग म्हणजे दोन खोल्या, अकरा कपाटं भरून दगड आणि निवृत्तीला टेकलेले एक प्राध्यापक. बाकी सगळं शिकवणं एका सरांच्या खांद्यावर होतं. ते सर तासिकेवरचे. म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्यापुरते आमचे, सुट्टी लागली की कुणाचेच नाहीत. नऊ वर्षं असेच गेले होते. दोनदा मुलाखत देऊन ते मागे राहिले होते, आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची जाहिरात होती.

शेवटची तारीख गुरुवारी आली. सोमवारच्या घड्याळात मंगळवारची दोन, बुधवारची दोन आणि गुरुवारची दोन मिनिटं मिळवा. शेवटची तारीख आहे हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण हाताला वळण लागलं की डोक्याला कोण विचारतो!

घड्याळात पाच वाजले. बाईंनी रेघ मारली, फळी पाडली. मी पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात फळीवर थाप पडली.

बाईंनी फळी वर केली आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. खिडकीत त्यांची मुलगी उभी होती. घामाघूम, हातात लिफाफा. तिच्या मागे तासिकेवरचे सर, धापा टाकत, त्यांच्याही हातात लिफाफा. मुलीनं याच विभागात, याच सरांच्या हाताखाली शिकून डॉक्टरेट घेतलेली. ती या जागेला अर्ज करणार हे बाईंना ठाऊकच नव्हतं. कळलं तर आई खिडकीवरून उठून जाईल, म्हणून पोरीनं घरात ताकास तूर लागू दिली नव्हती.

“आई, तुझ्या घड्याळात तीनच मिनिटं झालीत…”

“इथे कुणाची आई बसत नाही,” बाई म्हणाल्या. “घड्याळ बघा.”

“माझ्या मोबाईलमध्ये अजून पाच वाजायचेत.”

“पाटी वाचा.”

सरांनी पाटी वाचली. खरंच वाचली, शेवटपर्यंत. मग ते मुलीला म्हणाले, “चल गं. बाईंचं बरोबर आहे. आपल्यालाच उशीर झाला.” त्यांच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. तेच मला लागलं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी आरामात बस पकडली असती.

फळी पडली. बाई खुर्चीत बसल्या आणि लाल पेनाचं टोपण कितीतरी वेळ लावत राहिल्या. ते काही लागेना.

“भाऊसाहेब, तुम्ही निघा,” त्या म्हणाल्या. “मला आज घरी जावंसंच वाटत नाहीये.”

मी दारातच थांबलो. नोकरी डोळ्यांसमोर आली, बायको आली, ‘स्वच्छतेची आवड’ आली. आणि तरी मी तोंड उघडलं. “बाई, घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे. मी केलंय. दर आठवड्याला करतो.”

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग कपाटाला टेकलेल्या स्टुलाकडे. नंतर जे त्या बोलल्या ते मी लिहीत नाही. सव्वीस वर्षांचं साठलेलं होतं. मग पिशवीतून आपला मोबाईल काढला आणि वेळ पाहिली.

“आता सांगितलं तर लोक काय म्हणतील, कळतंय का तुम्हाला? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! मेहुण्यांना एक मिनिट दिलं नाही, लेकीसाठी मात्र घड्याळच चुकलं!”

“मग नका सांगू,” मी म्हणालो. “पाटी आहे की. घड्याळ प्रमाण.”

“आणि त्या सरांचं काय?” बाई कडाडल्या. “पाटी मी लावली ती भांडण मिटवायला. एखाद्याची हक्काची मिनिटं खायला नाही.”

त्यांनी फळी वर केली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खिडकीतून बाहेर डोकं काढून हाक मारली. दोघं फाटकापर्यंत पोचले होते, परत आले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आपल्या वहीत त्यांची येण्याची वेळ चार बावन्न लिहिलेली होती. म्हणजे पाचाच्या आत ते आमच्या दारात होते, यात शंकाच उरली नाही.

बाईंनी दोन्ही लिफाफे घेतले, आधी सरांचा. लाल रेघेखाली दोन नोंदी केल्या आणि त्यांच्याखाली दुसरी लाल रेघ मारली. शेजारी स्वच्छ अक्षरात टिप्पणी लिहिली : कार्यालयातील घड्याळ सहा मिनिटे पुढे असल्याने पहिली रेघ वेळेआधी मारली गेली, जबाबदारी माझी. उमेदवारांपैकी एक माझी मुलगी आहे, सबब हे काम माझ्याकडून काढून घ्यावे.

“जबाबदारी माझी म्हणजे?” मी विचारलं. “काटा तर मी फिरवला.”

“तुमचं तुम्ही वेगळ्या कागदावर लिहा. बसा. आज बस नाही तुम्हाला.”

कुलसचिवांनी दोन्ही कागद वाचले, पहारेकऱ्याची वही मागवली आणि दोन्ही अर्ज मान्य केले. भरतीचं काम परीक्षा विभागाच्या अधीक्षकांकडे गेलं. मला शिक्षा झाली, की सहा महिने कार्यालयाला कुलूप मी लावायचं, सगळ्यांच्या शेवटी. जिन्यावर लोक हसून हसून बाईंना विचारत, “काय बाई, किती वाजले?” बाई मोबाईल बघून सांगत, सेकंदासकट. पण जेवणाचा डबा अर्धा परत जायचा, हे मी बघत होतो.

मुलाखती दीड महिन्यानं झाल्या. बाईंनी त्या दिवशी सभागृहाकडे पाठ करून खुर्ची लावली आणि जुन्या फायली शिवत बसल्या. आतलं आम्हाला नंतर कळलं. सरांनी नमुन्याचा तास घेताना समितीतल्या पाचही जणांच्या हातात एकेक दगड दिला आणि तोच दगड पुढे ठेवून अर्धा तास शिकवलं. तास संपला तरी एक तज्ज्ञ आपला दगड परत देईनात.

निकाल फळ्यावर लागला तेव्हा पाचाला दहा कमी होते. थोड्या वेळानं मुलगी खिडकीत आली.

“पहिले सर,” ती म्हणाली. “दुसरी मी. जागा एकच.”

बाईंनी सुई खाली ठेवली. इतके दिवस घशात अडकलेलं त्यांनी आता विचारलं, “त्या दिवशी उशीर का झाला होता तुला?”

“सर अर्जच भरत नव्हते गं. म्हणे, दोनदा हरलो, आता पुरे. मी त्यांच्या घरी जाऊन बसले. दोन तास हुज्जत घातली, शेवटी मीच त्यांचा अर्ज भरला आणि सही घेतली.”

“अगं, जागा एकच होती ना!”

“म्हणून तर. मला दगड ओळखायला शिकवलं त्यांनी. ते बाहेर आणि मी आत, हे कुठल्या तोंडानं केलं असतं?”

बाईंनी पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ तिथेच राहिला. मग एकदम हसायला लागल्या. “आणि अशा माणसाला मी पाटी वाचायला लावली!”

“मी निघू का, बाहेर थांबू?” मुलीनं विचारलं.

“बाहेर कशाला? आत ये,” बाई म्हणाल्या. “इथे आई बसलीये.”

सव्वीस वर्षांत घरचं माणूस त्या दारातून आत आलं नव्हतं. बाईंनी लेकीला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि माझ्याकडे वळल्या. “भाऊसाहेब, घड्याळावर बरीच धूळ बसलीये हो. जरा पुसा.”

मी आनंदानं स्टुलावर चढलो.

“धूळच हं,” बाई म्हणाल्या.

मग पाच वाजेपर्यंत आम्ही तिघं गप्पा मारत बसलो. खरे पाच वाजल्यावरच बाई उठल्या, लेकीचा हात धरला आणि दोघी निघाल्या. कुलूप लावून मी ग्रंथालयामागे पोचलो तेव्हा माझी बस गेलेली होती.