दातेरी पायडल

रुद्राणी नर्सबाईचं जगात कुणाशी पटलं असं फारसं झालं नाही. नवऱ्याचं घर तिने स्वतःहून सोडलं. मग दहा वर्षं उत्तरेश्वर पेठेत भाऊ भरमाप्पाच्या घरी काढली. वहिनी शांतव्वा तिच्या ताटात भाकरी वाढायची नाही, टाकायची. आवाज झाला पाहिजे असा. भाऊ मान खाली घालून जेवायचा, आणि रुद्राणीला वहिनीपेक्षा त्या खाली घातलेल्या मानेचाच जास्त संताप यायचा.

एकाहत्तर साली गगनबावड्याच्या बाजूला एका उपकेंद्रावर नर्सची जागा निघाली. जागेबरोबर राहायला खोली होती, एकटीची. रुद्राणीला जागेपेक्षा ती खोली हवी होती. अट एकच. वाड्यावस्त्या फिरायच्या म्हणजे सायकल यायला हवी. आरोग्य खात्याच्या साहेबांनी महिन्याची मुदत दिली आणि वर सांगितलं, "नाही जमलं तर दुसऱ्या बाई तयार आहेत."

चौतिसाव्या वर्षी बाईने बदलून गेलेल्या कंपाउंडरची जुनी लेडीज सायकल घेतली. पायडलांचं रबर कधीच झडून गेलं होतं, नुसत्या दांड्या उरल्या होत्या. म्हणून ती सायकल ढकलत गंगावेशीत मौलाली मिस्त्रीच्या दुकानी गेली, आणि पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं.

मौलालीची एक रीत होती. नवशिक्याला पायडल द्यायच्या आधी तो त्याच्या पायातलं काढून घ्यायचा आणि उलटं करून तळ बघायचा. माणूस जोर कुठं देतो ते त्याला तळावरून कळे. कारागीर एक नंबर, पण तोंड म्हणजे गटार.

"पायताण दावा," तो म्हणाला.

भर रस्त्यात परका बाप्या बाईमाणसाला पायताण मागतो! रुद्राणीचं डोकंच फिरलं.

"दावू व्हय? दावते की. कुठं दावू, गालावर?"

दुकानातले दोघे-तिघे फिदीफिदी हसले. मौलाली लालबुंद झाला. "मग रबरी न्या आन वाटंला लागा. हे लोखंडी दातेरी पायडल बाईमाणसाचं काम न्हाय. पाय घसरला की नडगी सोलून निघतीया."

"दातेरीच बसवा."

"पडशीला."

"पडंन. तुमच्या बाचं काय जातंय?"

त्याने दातेरी बसवली, नट आवळताना सायकलीवरच राग काढला. खरं सांगायचं तर रुद्राणीला दोन्हींतलं काहीच कळत नव्हतं. मिस्त्री नको म्हणाला, एवढंच तिला पुरलं.

रंकाळ्याच्या काठाने ती रोज सकाळी शिकायला लागली आणि रोज पडायला लागली. पाय सटकला की पायडल गर्रकन फिरून नडगीवर बसायचं. लोकांना मलमपट्टी करणारी बाई आता स्वतःच्याच पायाला टिंक्चर लावायची आणि दात आवळून मौलालीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. घरी शांतव्वा म्हणायची, "सर्कशीत जायाचं हाय काय वन्संस्नी?" वीस दिवस असेच गेले.

एकविसाव्या दिवशी ती दुकानात उभी राहिली. "हे काढा. रबरी घाला."

मौलालीने वर पाहिलंसुद्धा नाही. "पायताण."

मुदतीचे नऊ दिवस उरले होते. रुद्राणीने पायातलं काढलं आणि त्याच्या मांडीवर आदळलं. नवं करकरीत कोल्हापुरी पायताण होतं. मौलालीने ते उलटं केलं. पायडलाचे दात चामड्यावर उमटले होते, ते सगळे टाचेजवळ. चवड्याखाली एक ओरखडा नव्हता.

"अंगठा जपताय व्हय?" तो ओरडला. "चवड्यानं दाबलं तर पायताणाचा अंगठा तुटंल म्हणून टाचंनं सायकल हाणताय! आन शिव्या माझ्या पायडलाला?"

तेच खरं होतं. नवं पायताण, त्याचा नाजूक विणलेला अंगठा. तो टिकावा म्हणून ती वीस दिवस नडगी सोलून घेत होती. रुद्राणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रबरी घाला म्हटलं न्हवं!"

"न्हाय घालत. गगनबावड्याकडं जाणार म्हणं, पेठेत कळलं मला. आधी सांगितलं असतं तर मीच दातेरी दिली असती. तिकडच्या चिखलात रबर टिकत न्हाय. चवड्यानं दाबा, तुटू दे अंगठा. जावा आता."

"मुडदा बशिवला तुझा!" ती म्हणाली आणि निघाली. त्याचे उपकार मानावेत असं तिच्या मनातही आलं नाही, आणि पुढेही कधी आलं नाही.

परीक्षेच्या ठरल्या दिवशी साहेबांची जीप मागे आणि रुद्राणी पुढे. फाट्यापासून उपकेंद्र दीड मैल, लाल मातीचा, दगडगोट्यांचा चढ. ती चवड्याने दाबत होती. निम्म्यात अंगठा तटकन तुटला आणि पायताण लोंबायला लागलं. थांबावं तर चढावर पुन्हा बसायला तिला येत नव्हतं. तिने पाय झटकला, पायताण मागे रस्त्यात पडलं. आता उघडा पाय लोखंडाच्या दातांवर. प्रत्येक फेऱ्याला दात आत जात होते, आणि ती शांतव्वाचं नाव घेऊन पाय दाबत होती.

उपकेंद्राच्या पायरीशी ती उतरली तेव्हा पायरीवर रक्त लागलं. साहेब घाईने जीपमधून खाली आले. "बाई, अहो, पाय बघा तुमचा. बसा आधी. जागा तुमचीच, नेमणुकीचा हुकूम टपालाने येईल."

"खोलीची किल्ली द्या."

"आत्ता?"

"आत्ता."

त्यांनी दिली. खोलीत कोळिष्टकं होती, एका कोपऱ्यात कौल फुटलं होतं. रुद्राणीने दार लोटलं आणि कडी लावली. दहा वर्षांत तिने आतून लावलेली ती पहिली कडी. मग ती खाली बसली आणि ढसाढसा रडली.

बाहेरून साहेबांनी विचारलं, "बाई, कुणाला पाठवू का आत?"

"न्हाय," ती म्हणाली. "कुणी येऊ नका."