आईच्या कुरडयांचा डबा

आई गेल्यानंतरचा हा आमचा पहिला वल्हांडणाचा सण. तयारीला हात लावायच्या आधीच मी मनातून खचले होते. सेलूत आमचं ज्यूंचं एकच घर. वडील रेल्वेच्या नोकरीत कोकणातून आले आणि इथलेच झाले. पण आईनं सणाचा एकही नियम सैल होऊ दिला नाही. गव्हाचं आंबलेलं, फुगलेलं काहीही आठ दिवस घरात राहता कामा नये. ती म्हणायची, पीठ फुगतं तसं माणूसही फुगतं. वर्षातून एकदा दोन्ही झाडून काढावं.

भिंतींना चुना दिला, भांड्यांना कल्हई करून आणली, पिठाचे डबे धुऊन उन्हात पालथे घातले, खजुराचा पाक आटवला. राहिला एक पत्र्याचा डबा. त्यात आईनं गेल्या उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया होत्या. गहू तीन दिवस भिजवून आंबवलेला, म्हणजे सणाला साफ वर्ज्य. साऱ्या गल्लीची ती काकू; दरवर्षी उरलेल्या कुरडया सणाआधी गल्लीत वाटून टाकायची. पण या तिच्या हातच्या शेवटच्या होत्या.

मी पुस्तकं वाचणारी. असा जिन्नस परधर्मी शेजाऱ्याच्या नावे करून आठ दिवस कुलपात ठेवता येतो आणि मग परत घेता येतो, हे मला ठाऊक होतं. तसा कागद लिहिला. संध्याकाळी सण लागणार होता. सकाळी कागद घेऊन शेजारच्या गंगाबाईंकडे निघाले, तर त्याच दारात उभ्या.

"ताई, सूनबाईच्या पोटात चार दिस झाले पाण्याचा घोट ठरंना. पहिलटकरीण हाय. आज म्हनली, काकूच्या हातची कुरडई खावी वाटायली. असली तर एखांदी द्या."

"तुमच्या घरी डबाभर असतील की," मी म्हणाले. बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली.

"हायत. पण काळ्या पडल्यात म्हंती. सासूच्या तोंडावर."

मी आत गेले. डबा उघडला. पांढऱ्याशुभ्र कुरडया, आईला त्या रंगाचा केवढा अभिमान. एक काढली, मग झाकण लावलं आणि अख्खा डबाच गंगाबाईंच्या हातात दिला. काढलेली ती कुरडईही वर ठेवली.

मग घर झाडून निघालेल्या पिठाच्या कणांबरोबर तो कागदही जाळला आणि आमची प्रार्थना म्हटली: मला जे दिसलं, जे दिसलं नाही, ते सारं आता माझं नाही, धुळीसारखं आहे. इतकी वर्षं ती नुसती पाठ होती.

दुपारी गंगाबाई डबा घेऊन आल्या. "दोन खाल्ल्या आन् निजली. ठरलं पोटात. डबा रिकामा कसा द्यावा, तांदूळ घातलेत. घासून घेतलाय, गव्हाचा कण न्हाई. काकूनं शिकवून ठिवलंय."

मी डबा छातीशी धरून उभी राहिले. आईचा नियम माझ्या एकटीच्यानं टिकेल का, ही माझी काळजी. तो तर केव्हाच गल्लीत राहायला गेला होता. गंगाबाईंना त्याच सकाळी कुणी पाठवलं, याचा मी शोध घेत नाही. त्या संध्याकाळी सणाच्या ताटात त्याच तांदळाचा भात वाढला, आणि माझ्या हातून जे सुटत नव्हतं ते सोडवून घेणाऱ्याचे आभार मानून पहिला घास घेतला.