पापडाचा चिमटा

आज अळूच्या जुडीत पानामागे गोगलगाय निघाली आणि मुलुंडचं आमचं बैठं घर आठवलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट; वडिलांचा कारखाना बंद पडून वर्ष होत आलं होतं आणि त्या सकाळी त्यांना मुलाखतीला जायचं होतं. निघताना भारद्वाज दिसला की काम होतं, यावर आईचा पक्का विश्वास. मागच्या अंगणात तो कधीमधी यायचा, काळा, तांबूस पंखांचा, म्हणून आठवडाभर आई त्याच्यासाठी तूपभात ठेवत होती आणि कावळे तो फस्त करत होते. शेजारी मासे द्यायला आलेली कोळीण ते बघून हसली, "अगो बाय, भात कशाला? त्याला गोगलगाई लागतात!" आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नसे. तरी आई घरातून पापड भाजायचा चिमटा घेऊन आली आणि तोंड वाकडं करत अळवातल्या गोगलगाई वेचून कुंपणाच्या भिंतीवर ठेवू लागली. इस्त्रीच्या शर्टात दारात उभे असलेले वडील म्हणाले, "अगं, कुणाचा जीव घेऊन मला नोकरी लावतेस?" "तुम्ही गप्प उभे राहा." तेवढ्यात तो खरंच आला आणि भिंतीवर शंख फोडायला लागला. आईने डोळे मिटून हात जोडले, आणि वडील कित्येक महिन्यांनी खळखळून हसले. ती नोकरी नाही मिळाली. पण त्या दिवसापासून ते पुन्हा अर्ज लिहायला बसू लागले. आजची गोगलगाय मी चिमट्याने उचलून बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली आहे. उद्या मुलीची मुलाखत आहे.