गिरणी आईची, सही बाबांची

बाबांचा राग आला की मला सरकारचा आठवतो, आणि सरकारचा आला की बाबांचा. दोन्ही राग एकाच कागदावरून.

काचीगुड्यात, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत आमचं घर. रस्त्याकडच्या खोलीत आईची पिठाची गिरणी. आसपासची मराठी घरं थालीपिठाची भाजणी दळायला तिच्याकडेच आणतात, कारण ती किती जाडसर हवी हे तिला सांगावं लागत नाही. घर तिच्याच नावावर आहे. तिच्या वडिलांनी शेतातला तिचा वाटा विकून घेऊन दिलेलं.

मागच्या वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं. एका सकाळी दोघं जण टेप घेऊन आले आणि भिंतीवर लाल रेघ मारून मोकळे झाले! अख्खी गिरणी रस्त्यात. मग एकाने विचारलं, "मालिक कौन?" बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, "मैंच." अहो, मैंच काय! मालकीण आत पिठाने पांढरी होऊन उभी होती, आणि गिरणीच्या घरघरीत तिला यातलं अक्षर ऐकू आलं नाही.

बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. तिथली रीत अशी, की कारकून पेन्सिलीने बारीक फुली करतो आणि समोरचा त्या फुलीपाशी सही करून मोकळा होतो. वाचत बसला तर मागचे लोक कुरकुरतात. जन्मभर बाबांनी लोकांकडून अशाच सह्या घेतल्या. त्यामुळे त्या माणसाने "नोटीस मिलने की सही है, साब" म्हणत फुली दाखवली, तशी यांनी ऐटीत सही ठोकली. वर आईला हाक मारून चहा टाकायला लावला. कशाचा चहा, ते मात्र सांगितलं नाही.

संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी त्या कागदाची प्रत वाचली आणि माझं डोकंच फिरलं. ती पोच नव्हती, संमती होती. रस्त्यासाठी जागा राजीखुशीने देतो म्हणून! "बाबा, घर तुमचं आहे का?" मी ओरडलेच. "घरातल्या कर्त्याचीच सही घेतात," ते म्हणाले. आई त्या दिवशी जेवली नाही.

रस्ता नको असं आमचं म्हणणं नाही हो. त्या गर्दीत मीही रोज स्कूटर रेटते. पण समोरच्या बाजूला दुकानांची नवी चार मजली इमारत आहे, तिला त्या रेघेचा साधा धक्कासुद्धा नाही. का, ते विचारलं तर "नक्शे में ऐसाच है." आधी मालकाला विचारा, कारण लेखी द्या, कागद वाचून दाखवून मग सही घ्या, आणि माणूस नाही म्हणाला तर त्या नाहीला काही किंमत ठेवा. एवढं कायद्यात घालायला कुणाचं काय जातं? आमचं घर म्हणजे काय बसमधली सीट आहे, "जरा सरको" म्हटलं की सरकायला?

मी खरेदीखत शोधून हरकतीचा अर्ज दिला. सुनावणीला आम्ही तिघं गेलो. साहेबाने खरेदीखतावरचं आईचं नाव वाचलं, आणि मान वर करून बाबांना म्हणाला, "हां, बोलो साब."

आई उठली. "घर मेरा है. गिरनी मेरी है. मेरेकू कोईच नै पूछा. तुम बी नै, ये बी नै." तिचं बोट बाबांकडे होतं. चारचौघांत तिला इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

साहेबाने संमती रद्द केली. मी आनंदाने आईचा हात दाबला. तेवढ्यात तो शांतपणे म्हणाला, की आता संमतीशिवाय घ्यायची कारवाई सुरू होईल, नोटीस आईच्या नावाने येईल, जागा तर जाणारच.

"फिर पूछते कायकू?" आई म्हणाली.

"कानून है, अम्मा."

बाहेर जिन्यात बाबा कठड्याला धरून थांबले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तुला विचारायला हवं होतं."

आई दोन पायऱ्या खाली होती. तिने वळून पाहिलं नाही.

"तुम्ही निदान चुकलं म्हणालात," ती म्हणाली. "त्यांच्यातलं कोण म्हणणार आहे?"