मावशीच्या दारातलं दांडगं कुत्रं

शिवकांता मावशीला कुत्र्याची आवड कधीच नव्हती. गोठ्यात म्हशी हुत्या तवा एखादं गावठी कुत्रं आपसूक दारात पडून असायचं, त्याला भाकरीचा तुकडा टाकायचा, एवढाच संबंध.

तिचं घर नळदुर्गच्या अलीकडं, गावाच्या बाहेर, मळ्यात. हायवेवरचे ट्रक तिथनं दिसत न्हाईत, नुसते ऐकू येतेत. तिच्या नवऱ्याला, गौरीशंकर काकांना, लकवा मारला आन् ते लई दिस अंथरुणावर हुते. त्यांना उचलायचं, कूस बदलायची, धुवायचं, भरवायचं, सगळं तिनं एकटीनं केलं. माणूस आडवा झाला की दुप्पट जड हुतो, म्हणायची. काका गेले तवा लोक म्हणले, सुटले बिचारे. मावशी सुटली असं कुणी म्हणलं न्हाय, आन् ती सुटली बी नव्हती. दमली हुती. झोपून उतरत न्हाय असलं दमणं.

तिचा पोरगा महारुद्र चाकणला कंपनीत हाय. काकांचे दिवस झाले की त्यो म्हणला, "आई, आता चल पुण्याला."

"हितंच ऱ्हाऊ दे रं मला. इतक्या वर्सांनी कुणाला उठवायचं न्हाय, कुणाला भरवायचं न्हाय. जरा बसू दे."

"मळ्यात एकटी? हायवेच्या कडंच्या वस्त्यांवर चोऱ्या व्हायल्यात. ऱ्हायचंच असंल तर दारात कायतरी दांडगं पायजे. न्हायतर चल."

मावशीला वाटलं, दांडगं म्हंजे लोखंडी गेट. महारुद्रनं मोबाईलवर बघून ठरवलं कुत्रं.

सोलापूरला एक संस्था हाय, लोकांनी टाकून दिलेली कुत्री सांभाळती. तिथली शिवांजली नावाची पोरगी आधी घर बघायला आली. कुंपण बघितलं, सावली बघितली, पाण्याचा हौद बघितला. सोयरीक जुळवायला आल्यावाणी सगळं इचारलं.

"मावशी, याला दोन घरांनी परत आणून सोडलंय. ग्रेट डेन जात आहे. पिल्लू गोड दिसतं म्हणून घेतात, मग वासराएवढं झालं की गच्चीवर बांधून टाकतात. तुम्ही बांधणार नाही ना?"

"बांधून कुठं जाऊ? मलाच कुठं जायचं न्हाय."

"जेवण थोडं थोडं द्यायचं, एकदम पोटभर नाही. खाल्ल्यावर पळू द्यायचं नाही, या जातीचं पोट आतल्या आत फिरतं, जिवावर बेततं. आणि अंडी लागतील."

मावशीचं तोंड उतरलं. लिंगायताच्या घरात अंडं. मग म्हणली, "घरात न्हाय येणार. गोठ्यात चूल मांडीन."

तशी तिनं मांडली बी. शेजारच्या मळ्यातला नागप्पा अंडी आणून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवायचा. मावशी येगळ्या पातेल्यात उकडायची, सोलून द्यायची, आन् अंगावर पाणी घेतल्याबिगर घरात पाऊल टाकायची न्हाय. नागप्पा हसायचा. "वयनी, कुत्र्यापायी तुमी मासा व्हायलाव."

कुत्र्याचं नाव सुलतान. मावशी सुलत्या म्हणायची. राखाडी रंग, माणसाच्या कमरेच्या वर पाठ, डोस्कं केवढं तर घमेल्याएवढं. आन् भित्रं. कुकरची शिट्टी झाली की दारामागं. ढग वाजले की बाजंखाली घुसायचं, पण मावायचं न्हाय, मग बाज पाठीवर घेऊनच उभं ऱ्हायचं. त्याला एकच खोड, मावशी उभी दिसली की येऊन अंगावर रेलायचं. काकांना उचलून उचलून जी पाठ गेली हुती, तिच्यावर आता हे. "सरक रं बाबा," म्हणायची, पण ढकलायची न्हाय. ढकलायला बी जोर लागतो.

पण ते भित्रं हाय हे घरातल्यांनाच म्हाईत. लांबनं बघणाऱ्याला त्यो वाघच. काका गेल्यापासनं दुपारी बसायला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. मावशीनं त्याचं बी वाईट वाटून घेतलं न्हाय.

वाईट झालं ते सोमवारचं. तिच्या सासूनं लावून दिलेली रीत हुती. सोमवारी जंगम, म्हंजे लिंगायतांचे स्वामी, दारात येणार, त्यांच्या खांद्यावरच्या जोळीत आपल्या हातानं भिक्षा घालायची, मगच तोंडात पाणी. काका अंथरुणात असताना बी ही रीत मोडली नव्हती. सिद्धय्या स्वामी गावातल्या मठातनं घंटी वाजवीत मळ्याची चढण चढून यायचे.

त्या सोमवारी मावशी गोठ्यात अंडी उकडायली हुती. घंटी ऐकली, मग धप्पकन आवाज. भाईर येऊन बघती तर स्वामी फाटकात पडलेले, जोळी लांब, आन् सुलत्या त्यांच्या तोंडावर वाकलेला. नागप्पा पळत आला, त्यानं स्वामींना गाडीवर बसवून मठात नेलं. दुपारपतूर गावभर झालं, शिवकांताच्या कुत्र्यानं स्वामींना पाडलं.

फुडल्या सोमवारी स्वामी आले न्हाईत. मावशी दिवस बुडूपतूर फाटकाकडं बघत कोरडी बसली. त्याच्या फुडच्या सोमवारी बी तेच. वयाला असला उपास झेपत न्हाय, डोळ्याफुडं अंधारी यायली. महारुद्रचा फोन आला.

"नागप्पा काकानं सांगितलं सगळं. जंगमाला पाडणारं कुत्रं दारात ठेवतेत व्हय? फुडल्या आठवड्यात शनिवारी मी न्यायला येतो."

"कुत्र्याला का मला?"

"दोघांना बी."

मावशीनं फोन ठेवला. त्या पोरीनं सांगितलेलं तिच्या ध्यानात आलं, दोन घरांनी परत दिलंय. हे तिसरं घर.

शनिवारच्या आधीच्या सोमवारी तिनं पीठ, डाळ, हिरव्या मिरच्या फडक्यात बांधल्या आन् स्वतःच मठाकडं निघाली. सुलत्याला कोंडून ठेवलं असतं तर त्यानं दारच काढलं असतं, म्हणून त्यालाबी संगट घेतलं. अर्ध्या वाटंत लिंबाखाली ते आडवं झालं. उठंच ना. मावशी बी शेजारी टेकली. जरा येळानं म्हणली, "चल रं. मला बी उठू वाटत न्हाय, पण उठायचं असतं."

गावात शिरल्यावर बायका लेकरं आत वढायल्या. पारावरनं हणमंतप्पा वरडला, "आक्का, स्वामींना पाडून मन भरलं न्हाय व्हय? आता गाव पाडायला आणलाव का?" मावशी खाली बघून चालत ऱ्हायली.

स्वामी मठाच्या वसरीत बाजंवर बसले हुते, गुडघ्याला फडकं बांधून.

"शरणार्थ, स्वामी."

"शरणार्थ. हे कुत्रं हाय का रेडकू?"

"भिक्षा घ्या. तुमच्या दारात आणून द्यायची येळ आली, माझं चुकलं. शनिवारी पोरगा येयलाय. हे सोलापूरला जाईल, मी पुण्याला. ही शेवटचीच."

"घर बंद करायलीस?"

"व्हय."

"कशापायी?"

"कशापायी काय, ह्यानं तुमाला पाडलं. गाव ऱ्हाऊ देत न्हाय, पोरगा ऱ्हाऊ देत न्हाय."

स्वामींनी रस्त्याकडं बघितलं. जवळ कुणी नव्हतं. "त्यानं न्हाय पाडलं," म्हणले.

"आं?"

"घंटी वाजली तसं ते तुझ्या दारामागं लपलं. माझा गुडघाच दगा देऊन गेला. तुझ्या मळ्याची चढण मला कवाच झेपंना. पडल्यावर ते आलं आन् तोंड चाटाया लागलं. नागप्पा म्हणला, कुत्र्यानं पाडलं का? म्या म्हणलं, व्हय."

"असं का म्हणलाव?"

"मग काय म्हणू? जंगमाचे पाय थकले म्हणलं की उद्या जोळी दुसऱ्याच्या खांद्यावर. कुत्र्यानं पाडलं म्हणलं तर लोक दूध आणून देयलेत."

मावशीला राग आला, पण रागाला बी अंगात बळ लागतं. ती हळूच म्हणली, "स्वामी, म्या बी दमले. पण म्या माझं दमणं कुणाच्या नावावर घातलं न्हाय."

"गावाला सांगू नगंस," स्वामी म्हणले.

"न्हाय सांगत. पण मग मी घर सोडून जाऊ व्हय?"

स्वामींनी काठी मागितली, पायरीपतूर आले आन् पारावरच्या माणसांना हाक मारली. हणमंतप्पा आला, नागप्पा आला, आणखी चार जण लांब उभे ऱ्हायले. स्वामींनी तीन बोटं भस्मात घातली आन् सुलत्याच्या कपाळावर वढली. सुलत्या मोठ्यानं शिंकला.

"शिवकांताची भिक्षा आता दर सोमवारी हितं येणार," स्वामी म्हणले. "ह्याला घेऊनच येणार. कुणी काय बोलायचं न्हाय."

हणमंतप्पा म्हणला, "आता कोन बोलतंय, स्वामी. दात बघितलाव का त्याचे?"

नागप्पानं मोबाईलवर फोटो काढला हुता, त्यो चाकणला पोचला. महारुद्रचा फोन आला. "स्वामींनीच भस्म लावल्यावर म्या काय बोलणार. ऱ्हा बाई."

तशी ती ऱ्हायली. दर सोमवारी दोघं लिंबाखाली बसत उठत मठात जायची. पाऊस असो, ऊन असो. गावाला शेवटपतूर वाटायचं, बाई हट्टी, पाडणारं कुत्रं पाळलं, स्वामींचं मन मोठं म्हणून निभावलं. मावशीनं खरं कुणाला सांगितलं न्हाय. पोराला सुद्धा न्हाय.

ती गेली ती मळ्यात, आपल्या बाजंवर. छातीत दुखतंय म्हणली, नागप्पा गाडी काढूपतूर संपलं. सुलत्या आधीच म्हातारा झाला हुता. त्या जातीला लांब आयुष्य नसतं, असं शिवांजली म्हणली.

मावशीच्या शिवगणाराधनेला, दिवसांच्या जेवणाला, स्वामी रिक्षातनं आले. जेवणाआधी चार माणसं बोलायली हुती, बाई चांगली पण कुत्र्यापायी कुणाचं ऐकलं न्हाय. स्वामी तिथंच म्हणले, "मला कुत्र्यानं पाडलं न्हाय. म्या आपसूक पडलो हुतो. तिला म्हाईत हुतं." हणमंतप्पानं टोपी काढून परत घातली. महारुद्र उठून भाईर गेला आन् बराच येळ हौदापाशी उभा ऱ्हायला.

शिवांजली गाडी घेऊन सुलत्याला न्यायला आली हुती. महारुद्रच म्हणला, "न्हेऊ नका. दार हाय तोपतूर त्याचंच हाय." आता नागप्पा दोन येळा जाऊन त्याला खाऊ घालतो. घराला कुलूप हाय. सुलत्या वसरीत पडून असतो. फाटकात कुणी आलं तर डोस्कं वर करून बघतो, आन् परत खाली ठेवतो.